स्वयंपाक नंतर, आधी जेवणाची वेळ

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे मला तो बरोबर कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. पाच महिन्यांपूर्वी तुमचे यजमान अचानक हृदयविकाराने गेले. मुलगी 11 वर्षांची, सहावीत. मुलगा 6 वर्षांचा, पहिलीत. सासूबाई काही दिवस राहून गावी गेल्या आणि तुम्ही कामावर रुजू झालात. ऑफिस जमतं, वारसनोंदीची कागदपत्रंसुद्धा जमतात, पण संध्याकाळी ओट्यापुढे उभं राहिलं की हात चालत नाहीत. मुलं नूडल्स, बिस्किटं, बाहेरचं पार्सल यावर आहेत. मुलगी स्वतःहून भात लावायला लागली आहे. धाकटा विचारतो, 'आई, तू स्वयंपाक विसरलीस का?' जाऊबाई म्हणतात, 'मुलांसाठी तरी उभी राहा.' आणि तुम्ही विचारता की पूर्वीसारखा स्वयंपाक पुन्हा कधी जमेल, की आपल्यातच काही बिघडलंय?

बिघडलेलं काही नाही. पण 'पूर्वीसारखा' हा शब्द मी बाजूला ठेवायला सांगेन, कारण सगळी अडचण तिथेच आहे.

मी उपशामक सेवेत, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या सेवेत, समुपदेशक म्हणून काम करते. आमचे रुग्ण बहुतेक कॅन्सरचे असतात, आणि रुग्ण गेल्यावरही काही महिने त्या घराकडे जात राहणं हे आमच्या कामात येतं. माणसं दिवाणखान्यात कमी बोलतात, स्वयंपाकघरात जास्त, त्यामुळे अशा घरांच्या ओट्यापाशी मी बरीच बसले आहे. आमच्याकडच्या घरांना मृत्यू येताना दिसत असतो, तुमच्याकडे तो न सांगता आला, हा फरक मी धरून चालते. म्हणून खालचं सगळं जसंच्या तसं लागू पडेल असं समजू नका.

तुमच्या लिहिण्यात एक ओळ अशी आहे: 'त्यांचा डबा सकाळी सातला लागायचा, तेव्हा पाचलाच माझं सगळं आवरलेलं असायचं.' घरोघरी मला हेच दिसतं. स्वयंपाकघराचं घड्याळ एका माणसाच्या डब्यावर लावलेलं असतं. भाजी कोणती, तिखट किती, मुलांची वाटी तिखट घालण्याआधी काढायची, पोळ्या किती लाटायच्या, हे सगळं त्या एका ताटाभोवती ठरलेलं. ते ताट गेलं की उरलेल्या तिघांचा स्वयंपाक आपोआप शिल्लक राहत नाही. तो नव्यानं बसवावा लागतो, आणि तेही डोकं जेव्हा सगळ्यात कमी साथ देतं अशा काळात. झोप मोडलेली असते, एका कामातून दुसऱ्यात जाताना मधलं विसरायला होतं, साधा निर्णयही जड जातो. ऑफिसात पुढचं काम कागदावर समोर असतं म्हणून ते होतं. 'आज काय करायचं' हे मात्र कुणी लिहून देत नाही.

त्यात पोळी. कणीक भिजवा, मुरू द्या, लाटा, भाजा, दुसऱ्या शेगडीवर भाजी लागत नाही ना ते बघा. सगळं एकामागून एक, मध्ये थांबायला जागा नाही. दुःखातल्या घरात आधी पोळी बंद पडते आणि परत यायला सगळ्यात जास्त वेळ तीच घेते. तेव्हा पोळ्या सोडा. पोळी-भाजी केंद्रातून आणा, किंवा पोळ्या करून देणाऱ्या एखाद्या मावशी लावा. खर्च परवडत नसेल तर काही महिने घरात पोळी नाही, भात आहे. घरची पोळी नाही म्हणून मूल कुपोषित होत नाही.

आता माझं मुख्य म्हणणं. स्वयंपाक सावरण्याआधी जेवणाची वेळ सावरा. रात्रीचं एकच जेवण घ्या, समजा साडेसातचं. त्या वेळी तिघांची ताटं मांडली जातील आणि तिघं बसतील. ताटात काय आहे, कुणी केलंय, विकत आणलंय का, हा पुढचा प्रश्न. वडील गेल्यावर मुलांच्या मनात बहुतेक वेळा एक न बोललेली भीती असते: आता आपलं कोण बघणार? ती समजावून फारशी जात नाही. रोज ठरलेल्या वेळी ताट समोर येतं, यानं जाते. पार्सल साडेसातला ताटात काढून एकत्र खाल्लं, आणि तेच पार्सल नऊला ज्यानं-त्यानं हातात धरून खाल्लं, यात मुलांच्या दृष्टीनं खूप फरक आहे.

आणि तिसरं ताट तुमचं हवं. याबाबत मी हट्टी आहे. तुम्ही लिहिलंय की मुलांना वाढून तुम्ही आत जाता, भूक नसते. भूक नसणं मला समजतं. पण सहा वर्षांचं मूल हे बरोबर टिपतं. एका घरी मुलगा जेवत नाही म्हणून आई काळजीत होती. मी तिथे असताना तो चमचा हातात धरून विचारत होता, 'तू जेवलीस?' आई म्हणाली, 'नंतर.' त्यानं चमचा खाली ठेवला. तिला मी एवढंच सांगितलं की स्वतःला दोन घास वाढून घेत जा, संपले नाहीत तरी चालतील. दोनच घास, पण त्याच्या समोर बसून.

मुलांनी किती खाल्लं यावर मात्र लक्ष ठेवू नका. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मांडलेली एक विभागणी मी नेहमी सांगते: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. दुःखातली मुलं एक दिवस दोन घास खातात, दुसऱ्या दिवशी दोनदा भात मागतात. पोटात दुखतं म्हणतात, आणि थोड्या वेळानं खिदळत खेळायला जातात. 'बाबांसाठी एक घास' असं म्हणून भरवू नका. त्या घासाचं ओझं मुलाला पेलत नाही.

आता ओट्याकडे वळू. सुरुवात एका कुकरनं करा, रोज नाही, आठवड्यातून तीनदा. तुम्हाला कुकर लावता येत नाही असं थोडंच आहे, पण इथे एक बारीक गोष्ट आहे जी मी पुन्हापुन्हा पाहिली आहे. हात चौघांच्या अंदाजानं घेतो. डब्यातून तांदूळ काढताना तो थांबतच नाही, इतक्या वर्षांचं माप बोटांत बसलेलं असतं. जेवणं होतात, आणि पातेल्यात नेमका एका माणसाचा भात उरतो. बायका मला सांगतात की रडू स्वयंपाक करताना येत नाही, ते पातेलं धुवायला घेतल्यावर येतं. म्हणून अंदाज बंद करा. एक वाटी ठरवा, ती तांदळाच्या डब्यातच ठेवा, आणि डब्याच्या झाकणावर आतून कागद चिकटवा: तांदूळ एक वाटी, डाळ अर्धी. तुमच्या घरी हे कमी-जास्त होईल, दोन-चार दिवसांत कळेल तसं बदला. डाळीत हळद-हिंग, वर भात, आणि कडेला बटाटा किंवा गाजर तसंच टाका. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. वरणाला फोडणी द्यायचं त्राण नसेल तर नको. तूप, मीठ, लिंबू. वर मेतकूट किंवा शेंगदाण्याची चटणी.

हे 'काहीतरी भागवलं' असं जेवण नाही. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतलं लायसिन तांदळात कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, मेथिओनिन हा दुसरा घटक डाळीत कमी तो तांदळात असतो. एकत्र खाल्लं की प्रथिनांची बाजू चांगली भरून निघते. त्याला एखादं अंडं (एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं), दूध किंवा दही, केळं नाहीतर हंगामातलं फळ जोडलं की वाढत्या मुलाचं काही महिने छान चालतं. दुसऱ्या वारी मुगाची खिचडी, तिसऱ्या वारी विकतच्या भाजणीचं थालीपीठ. तीन पदार्थ, ठरलेले वार, कागदावर लिहून फ्रिजवर. मुलं कंटाळतील ही भीती सोडा. ज्यांच्या घरातलं इतकं काही एका रात्रीत बदललंय, त्यांना 'बुधवारी खिचडी' हे माहीत असणं आवडतं. नूडल्स पूर्णपणे बंद करू नका. त्यात मटार आणि अंडं पडलं तर माझी काही तक्रार नाही.

मुलं अनुदानित शाळेत आहेत असं तुम्ही लिहिलंय. मग शालेय पोषण आहाराचं दुपारचं जेवण त्यांना मिळतंच. योजनेच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम. तुमची दोन्ही त्यात बसतात. डबा द्यायलाच हवा, नाहीतर लोक काय म्हणतील, हा विचार असेल तर तो काही काळ शाळेच्या खिचडीवर सोपवा. खातात का एवढं वर्गशिक्षिकांना विचारून ठेवा, आणि घरात काय झालंय हे त्यांना आधीच सांगितलं नसेल तर तेही सांगा.

गॅसबद्दल वेगळं सांगते. या काळात विसरायला होतं, आणि दूध उतू जाण्यावर ते थांबत नाही. शेगडी चालू असताना स्वयंपाकघर सोडायचं नाही. सोडावंच लागलं तर आधी बंद करायची. मोबाईलचा गजर लावा. उरलेला भात रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका, तास-दोन तासांत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी नीट गरम करून फोडणीचा भात. भात बाहेर राहिला की त्यात असा जिवाणू वाढतो ज्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

मुलीचं. तिनं भात लावायला घेणं हे प्रेम आहे आणि थोडी घाबरगुंडीही आहे. 'किती समजूतदार झाली' असं कौतुक घरी येणारे करत असतील, ते होता होईल तो थांबवा. मदत आणि जबाबदारी यांत मी फरक करते. ताटं मांडणं, काकडी चोचवणं, लसूण सोलणं, फ्रिजवरच्या कागदावर पुढच्या आठवड्याचे वार लिहिणं ही मदत. ती नसली तरी जेवण होणार असतं. पण तिनं भात लावला नाही तर धाकटा उपाशी राहील असं तिला वाटत असेल, तर ती जबाबदारी झाली, आणि ती अकराव्या वर्षी नको. कुकर तुम्ही शेजारी असतानाच. तिला स्पष्ट शब्दांत सांगा: 'जेवण देणं माझं काम आहे. मला जमलं नाही तर मी आणीन, पण ते तुझ्यावर नाही.'

धाकट्याच्या प्रश्नालाही असंच सरळ उत्तर द्या. 'विसरले नाही रे. बाबा गेल्यापासून मला खूप दमायला होतं आणि रडू येतं. तुझ्यामुळे नाही. हळूहळू करीन.' सहा वर्षांच्या मुलाला आपल्या एखाद्या खोडीमुळे हे सगळं झालं असं वाटू शकतं, म्हणून 'तुझ्यामुळे नाही' हे शब्द उच्चारायलाच हवेत. आणखी एक. या वयात मृत्यू कायमचा असतो हे पूर्ण पक्कं झालेलं नसतं. त्यातून आपल्याकडे त्यानं दहाव्याला पिंड ठेवलेला आणि सगळे कावळ्याची वाट बघतायत हे पाहिलेलं असतं. कावळा शिवला म्हणजे बाबा जेवले, असं कुणीतरी म्हणतंच. मग घरी तो 'बाबांसाठी ठेवायचं का?' विचारतो आणि मोठी माणसं कोसळतात. त्याचं म्हणणं तर्काला धरूनच आहे. त्याला सांगा की बाबा वारले, त्यांचं शरीर आता जेवत नाही, त्यांना भूकही लागत नाही. ते पान आपण त्यांची आठवण म्हणून ठेवलं होतं. 'बाबा गावाला गेले', 'झोपले' असं सांगू नका. मग कुणी झोपलं की तो घाबरतो.

त्यांच्या आवडीच्या भरल्या वांग्यांचं काय, असं तुम्ही विचारलंय. पाच महिन्यांत घरात वांगंच आलेलं नाही. करायचंच असं नाही, आणि कधीच करायचं नाही असंही नाही. पण हे मनातल्या मनात ठरवू नका, कारण मुलं अशा गप्पपणातून 'बाबांचं नाव काढायचं नाही' असा अर्थ काढतात. विचारा. बहुधा धाकटा 'कर' म्हणेल आणि मुलगी 'नको' म्हणेल. मग आज नको, नंतर बघू. एखादा पदार्थ घरात परत आला की तो रडवतोही आणि त्याच ताटावर जुन्या गोष्टी निघून हसूही येतं. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेन्क शुट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी 1999 साली शोकाबद्दल जे मांडलं ते मला घरोघरी खरं होताना दिसतं. माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, कधी समोरच्या व्यवहाराला लागतो, आणि एकाच दिवसात या दोन्हींत ये-जा करतो. आधी दुःख पूर्ण संपेल, मग स्वयंपाक सुरू होईल, असा क्रम नसतो. कांदा चिरता चिरता रडून घेऊन पुढे खिचडी टाकली तर दोन्ही झालं. उलट, पाच दिवस जमलं आणि सहाव्या दिवशी अजिबात नाही, याचा अर्थ तुम्ही मागे गेलात असा होत नाही.

जाऊबाईंवर रागावू नका, त्यांना कामाला लावा. आपल्याकडे माणूस गेल्यावर कडू घास येतो, दुखवट्याचे डबे येतात, तेराव्याचं गोडजेवण होतं आणि तिथे रीत संपते. खरी गरज त्यानंतर सुरू होते, पण तोवर सगळे आपापल्या घरी परतलेले असतात. 'काही लागलं तर सांग' म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत, त्यांना काय द्यायचं ते कळत नाही. म्हणून नेमकं सांगा. 'दर गुरुवारी एक भाजी पाठवाल?' 'रविवारी दोन पाव किलो भाज्या निवडून द्याल?' शेजारच्या काकूंना, 'मला साडेसहाला उशीर झाला तर कुकर लावाल?' मागायला जीव कचरतो हे खरं, पण वार आणि पदार्थ ठरलेला असला की देणाऱ्यालाही सोपं जातं.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, ते कुठे कुठे तेही सांगते. लांबलेल्या आजारपणात जिथे रुग्णाला महिनोन्‌महिने पेज आणि मऊ भात दिला जातो, तिथे मी मुलांना मऊ भात द्या असं कधीच सांगत नाही, कारण मुलांना त्याच्या वासानंच आजारपण आठवतं. तुमच्याकडे ते नाही, म्हणून भात सांगितला. तुमच्या यजमानांना रात्री जेवतानाच त्रास सुरू झाला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तसं असेल तर बसण्याची जागा बदला, वेळही बदला. आणि तुम्हाला स्वतःला स्वयंपाकाची मुळात फारशी आवड नसेल, केवळ संसाराचा भाग म्हणून करत असाल, तर परत पहिल्यासारखं करण्याचा आग्रह तरी कुणासाठी?

एका गोष्टीत मात्र थांबून बघण्यात अर्थ नाही. तुमचं वजन उतरत चाललं असेल, कित्येक रात्री झोप नसेल, सकाळी उठवतच नसेल, किंवा 'आपणही गेलेलं बरं' असा विचार डोकावत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. लांबलेला शोक असं निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिन्यांनंतर आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2022 च्या नियमावलीत मोठ्यांसाठी वर्षानंतर केलं जातं. म्हणजे पाच महिन्यांत हात चालत नाहीत याला आजार म्हणत नाहीत. पण नैराश्याच्या उपचारांसाठी एवढं थांबायचं नसतं. थकवा फार असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-12 तपासून घ्या, कारण शोकाच्या नावाखाली साधा रक्तक्षयही लपून जातो. मुलांपैकी कुणाचं वजन कमी होत असेल, खाणं लपवून ठेवत असेल किंवा शाळेत जायला सतत नकार देत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

शेवटी मुलीच्या वाढदिवसाचं. पुढच्या महिन्यात तो आहे, आणि सासूबाईंनी फोनवर सांगितलंय की वर्षभर घरात तळण नाही, सण नाही. घराघरांत हे वेगवेगळं पाळतात, आणि त्यांचा मुलगा गेलाय हे विसरून त्यांच्याशी बोलू नये. पण माझं मत विचाराल तर मुलाचा वाढदिवस सुतकात धरू नये. बाबा गेले त्या वर्षी आपला वाढदिवस झाला नाही, हे तिच्या कायम लक्षात राहील. सासूबाईंना परवानगी मागायला फोन करू नका, बोलवायला करा. 'तिचा वाढदिवस आहे, तुम्ही या, तुमच्या हातचं तिला खायचंय.' आणि काय हवं ते आधी मुलीला विचारून ठेवा. शिरा म्हणाली तर अडचणच नाही, त्याला तळण लागत नाही.